मूर्ती रेझीनच्या, कागदावर लाकडाच्या

परदेशातून शोभेच्या वस्तू मागवणाऱ्या लहान दुकानदारांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. यवतमाळ, वाशिमकडच्या तालुक्यांत अशी दुकानं आता सगळीकडे झाली आहेत. कापूस-तुरीचे पैसे हाती आले की लग्नं निघतात. रुखवतात मांडायला आणि आहेरात द्यायला राधाकृष्ण, बुद्ध, हत्तीची जोडी असा माल खपतो. बराचसा चीनमधून येतो. नागपूरच्या होलसेलपेक्षा थेट मागवलेला स्वस्त पडतो, आणि मागवून देणारे एजंट गावोगाव फिरतात. आमच्याकडे दिग्रसला आलेला त्यांतलाच एक.

दुकान माझ्या नावावर, म्हणून आयातीचा आयईसी नंबरही माझ्याच नावाने निघाला. माल होता रेझीनच्या मूर्तींचा, प्रत्येकीच्या खाली एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीची, पातळ बैठक. "ताई, हे प्लास्टिकमध्ये धरते कस्टम्सवाले, ड्युटी जास्त बसते, पण नंबर एकचं काम आहे," असं म्हणून त्याने हिशेब लिहून दिला : मूळ ड्युटी, तिच्यावर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, मग आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. हिशेब चोख होता. तेवढे पैसे त्याने स्वतःच्या खात्यावर घेतले. न्हावा शेवा बंदरात माल सुटल्यावर बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्सकडे माल काय आहे ते जाहीर करण्याच्या कागदाची) आणि ड्युटी भरल्याच्या चलनाची प्रत व्हॉट्सॲपवर आली. तिच्यात तेच आकडे.

दीड-दोन वर्षांनी कस्टम्सचं पत्र आलं. आधी वाटलं, हल्ली फोनवर कस्टम्स अधिकारी बनून लुटतात तसला प्रकार असेल. पण पत्रावर डीआयएन, म्हणजे सरकारी पत्राचा ओळख नंबर होता, तो सीबीआयसीच्या (कस्टम्स ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या) वेबसाइटवर टाकून पाहिला. पत्र खरं निघालं. त्यात म्हटलं होतं की तुम्ही हा माल लाकडाच्या शोभेच्या वस्तू म्हणून 4420 या कोडखाली दाखवला, तो प्लास्टिकच्या 3926 चा आहे, कमी भरलेली ड्युटी व्याजासह भरा. खरं बिल ऑफ एंट्री हाती आलं तेव्हा सगळा उलगडा झाला. त्याने आमच्याकडून प्लास्टिकचा दर घेतला, सरकारला लाकडाचा भरला, मधला फरक खिशात घातला आणि आम्हाला बनावट प्रत पाठवली.

ही चोरी कशी जमते ते नीट समजून घ्या. टॅरिफमध्ये, म्हणजे ड्युटीच्या दरपत्रकात, "शो-पीस" असा एकच रकाना नाही, माल कशाचा आहे त्यावर कोड ठरतो. मूर्ती लाकडाची असेल तर 4420, चिनीमातीची 6913, पितळ-लोखंडासारख्या धातूची 8306, प्लास्टिकची 3926. काचेची सजावट 7013 मध्ये जाते, दिवा असेल तर 9405. दोन वस्तू मिळून बनलेली असेल तर तिचं मूळ स्वरूप कशामुळे आहे हे पाहायचं, असं टॅरिफचा अर्थ लावण्याच्या नियमांतला 3(ब) सांगतो. गिऱ्हाईक राधाकृष्ण विकत घेतं, बैठक नव्हे. पण कागदावर बैठकीचं लाकूड पुढे करून अख्खी मूर्ती लाकडाची करता येते, आणि कंटेनर उघडून तपासला गेला नाही तर ती तशीच सुटते.

आणि जबाबदारी आयातदाराची. 2011 पासून ड्युटीचं मूल्यांकन आयातदाराने स्वतःच करायचं असतं, कस्टम्स कायद्याच्या कलम 17 प्रमाणे. कलम 28 खाली एरवी दोन वर्षांपर्यंत वसुली निघते. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत. व्याज वर्षाला 15 टक्के. आमचा फरक सव्वा लाखाच्या आसपास होता, म्हणजे लग्नसराईचा सगळा नफा. एकदा दिलेला पैसा दुसऱ्यांदा द्यायचा, त्यावर खोटं बोलल्याचा ठपका. याचाच मला सगळ्यांत जास्त संताप येतो.

म्हणून सांगते, ड्युटीचे पैसे एजंटच्या खात्यावर टाकू नका. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर स्वतःचं लॉगिन काढा आणि आपल्या बँकेतून भरा. बिल ऑफ एंट्रीचा नंबर, तारीख आणि बंदर टाकून तिथेच खरी नोंद शोधा. त्यात मालाचं वर्णन आणि आठ आकडी कोड ओळीओळीने पाहा. रेग्युलर जीएसटीवाल्यांना जीएसटी पोर्टलवरच्या 2बी या क्रेडिटच्या तक्त्यात आयातीवर भरलेला आयजीएसटी दिसतो, तो एजंटच्या कागदाशी ताडून पाहा. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, भरलेल्या कराचं क्रेडिट घेतच नाही, त्यामुळे ती वाटही नव्हती. आयातदाराच्या वतीने कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या कस्टम्स ब्रोकरचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते विचारा. आमच्या कागदांवर सही करणाऱ्या ब्रोकरला आम्ही कधी पाहिलंही नाही. लायसन्स असं दुसऱ्याला वापरायला देता येत नाही आणि ग्राहकाची ओळख, पत्ता पडताळणं ब्रोकरवर 2018 च्या नियमांनी बंधनकारक आहे. कोडबद्दल शंकाच असेल तर माल मागवण्याआधी मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे विचारता येतं.

फरक आणि व्याज आम्ही भरलं. दंडाविरुद्ध सीएमार्फत उत्तर दिलं आहे. त्याला एजंटचा हिशेब, बँकेची नोंद आणि बनावट प्रत जोडली आहे. जास्त दराचे पैसे दिलेला माणूस कमी दर कशाला दाखवेल, हा आमचा मुद्दा. पोलिसांत तक्रार दिली आहे, ब्रोकरविरुद्ध कस्टम्स आयुक्तांकडेही. त्या कंटेनरमध्ये इतर तालुक्यांतल्या दुकानदारांचाही माल होता. त्यांनी आजच आपापल्या नोंदी उघडून पाहाव्यात. नोटीस निघण्याआधी स्वतःहून फरक आणि व्याज भरलं तर प्रकरण बरंच हलकं राहतं.