चीफ स्काउट कोण हवा: ग्रिल्स की फील्ड्स?

ब्रिटनच्या स्काउट संघटनेने 2009 मध्ये टीव्हीवरचा साहसवीर बेअर ग्रिल्सला चीफ स्काउट, म्हणजे संघटनेचा मानाचा प्रमुख केलं, तेव्हा तो 34 वर्षांचा होता. पाठीचा कणा मोडल्यावरही त्याने 1998 मध्ये एव्हरेस्ट सर केलं होतं. ही जिद्द मुलांना दाखवावीच. अडचण आहे ती पडद्यावरच्या ग्रिल्सची. तो कड्यावरून उड्या टाकतो, मिळेल ते खातो. स्काउटचं शिक्षण नेमकं उलटं: आधी तयारी, सोबत्याची काळजी, धोका टाळणं. शिवाय त्याच्या टीव्ही मालिकेच्या काही भागांच्या चित्रीकरणात तो रात्री हॉटेलात राहिल्याचं 2007 मध्ये उघड झालं. सच्चेपणाचं वचन घेणाऱ्या मुलांसमोर ही गोष्ट मला खटकते.

ग्रिल्सनंतर 2024 मध्ये या पदावर आलेला ड्वेन फील्ड्सही टीव्हीवर दिसतो, पण त्याची वाट वेगळी आहे. जमैकात जन्म, सहाव्या वर्षी ब्रिटन, पूर्व लंडनमधलं खडतर बालपण, आणि लहानपणी स्वतः स्काउट. 2010 मध्ये तो चुंबकीय उत्तर ध्रुवापर्यंत चालत गेला. ग्रिल्ससारखं होण्यासाठी इटनसारख्या महागड्या शाळेतलं शिक्षण आणि सैन्यातला अनुभव लागतो, असं एखाद्या गरीब वस्तीतल्या मुलाला वाटू शकतं. फील्ड्सकडे बघून ते वाटणार नाही.

नाव पोहोचवण्यात ग्रिल्स कितीतरी पुढे. 2019 मध्ये तो कॉर्बेटच्या जंगलात पंतप्रधान मोदींबरोबर दिसला, तेव्हा आपल्या घराघरांत माहीत झाला. तरीही निवड माझ्यावर असती, तर मी फील्ड्सलाच घेतलं असतं.