भिंतीवर कापूस लावायचा की काळा दगड?

गाणं ऐकायची खोली नीट करायची म्हटलं की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, "गादी कारखान्यात जा, चार गाद्या भरून घे अन् लाव भिंतीला. मराठवाड्यात कापसाला काय तोटा?" दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, "रॉकवूल चांगलं असतं म्हणे, पण अंगाला खाज सुटते." रॉकवूल म्हणजे काळ्या दगडाच्या तंतूंची लादी. मी दोन्ही लावून ऐकलंय, त्याच खोलीत आणि त्याच स्पीकरवर. त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाही त्यांना थोडंफार सांगू शकतो. स्पीकर भिंतीपासून किती पुढे घ्यायचे, आरसा सरकवत पहिल्या परावर्तनाच्या जागा, म्हणजे स्पीकरचा आवाज भिंतीवर एकदाच आपटून कानाकडे वळतो त्या, कशा हेरायच्या, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. आणि हेही ठाऊक असेल, की यातल्या कशानंच गल्लीतल्या वरातीचा डीजे अडत नाही. तो अडवायला भिंतच जाड लागते.

तिसरा पर्याय फोमच्या टाइल्सचा, तो लगेच बाजूला ठेवू. सच्छिद्र पदार्थ जितका जाड, तितका खालच्या सुरांपर्यंत पोचतो. आवाजाच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा एवढी जाडी मिळाली की तो पुरेपूर काम करतो. १००० हर्ट्झच्या सुराचा हा चौथा हिस्सा साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच भरतो. एक इंची फोमनं काय होणार? तंबोऱ्याच्या जवारीची चमक सगळ्यात आधी जाते आणि बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा होता तसाच राहतो. शिवाय मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की दुहेरी टेप भिंत सोडते आणि जाताना पुट्टीचा पोपडा घेऊन जाते. आगीचंही बघा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइट क्लबच्या भिंतींवरचा फोम आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेटला आणि १०० माणसं दगावली. मग राहिले दोनच.

खोली आपली नेहमीचीच धरा. दहा बाय बारा, वर दहा फुटांवर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, भिंती पुट्टी मारून गुळगुळीत. टाळी वाजवली की दोन भिंतींमध्ये 'टिर्रर्र' करत आवाज पळत राहतो. जुन्या माळवदाच्या घरांत ही कटकट नव्हती. वर लाकडी तुळया, मातीच्या भिंती, भिंतीत कोनाडे. आवाजाला आपटायला सपाट जागाच कमी. स्लॅब आला तसा उकाडा वाढला हे सगळे बोलतात, गाणं बिघडलं हे कुणी बोलत नाही.

कापसाच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडे एक भारी दाखला आहे. या शास्त्राची सुरुवातच मुळी गाद्यांपासून झाली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कला संग्रहालयाच्या व्याख्यान दालनात बोललेलं काही कळेना. रिकाम्या दालनात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या वाढवत गेला, आणि ऑर्गनच्या नळीचा सूर विझायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा, की आवाज विझायला किती सेकंद लागतात ते मिळतं. शोषणाचं माप त्यानं उघड्या खिडकीवरून ठरवलं, कारण तिथून गेलेला आवाज परत येत नाही. आपली दहा बाय बारा म्हणजे ३४ घनमीटर. आवाज ०.४ सेकंदात विझावा असं वाटत असेल तर साधारण १४ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं शोषण लागतं. दिवाण, पडदे आणि ऐकणारे आपण मिळून त्यातलं काही भागवतो. उरलेल्यासाठी दोन बाय चार फुटांचे आठ-दहा जाड पॅनल, हा माझा अंदाज.

कापूस आवाजाला खरंच चांगला आहे, यात वाद नाही. परदेशात जुन्या जीन्सचा कापूस पिंजून, त्याला किडा-आग लागू नये म्हणून बोरेटची प्रक्रिया करून त्याच्या लाद्या आवाज शोषायला विकतात. आपल्याकडे परभणी, सेलू, माजलगाव, जालना, कुठंही जा, जिनिंगमधून निघालेली रुई हाताशी आहे. गादी कारखान्यात दोन बाय चारची चार इंची गादी भरून घेतली तर तीनेक किलो रुई लागते. लाकडी चौकट करून आत ती उभी बसवली, वरून कापड ताणलं, आणि पहिल्याच संध्याकाळी फरक कळला. तार सप्तकातला आवाज टोचेनासा झाला, टाळीतला तो 'टिर्रर्र' गेला, आणि गायक जणू दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येऊन बसला. शिवाय कापूस हाताळताना कसलाही त्रास नाही, उरलेल्या रुईची उशी होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी रॉकवूलचा विचार सोडून दिला होता.

मग पावसाळा आला.

उभी ठेवलेली गादी खाली बसते. एकदम नाही, हळूहळू, आणि दमट हवेत जरा जास्तच. एके दिवशी ऐकताना वाटलं की गाणारा मधून थोडा बाजूला सरकलाय. आधी स्पीकरवर संशय, मग केबलवर, मग स्वतःच्या कानावर. कापड काढून पाहिलं तर उजव्या पॅनलमध्ये वरचा वीतभर भाग नुसता कापडाचा, मागची भिंत हाताला लागत होती, आणि खाली पोट सुटलेलं. डावीकडचा पॅनल बसला होता पण तितका नाही. म्हणजे एका बाजूची भिंत कानाच्या उंचीवर उघडी पडलेली आणि दुसरी झाकलेली. स्टिरिओचा सगळा खेळ दोन्ही बाजू सारख्या असण्यावर चालतो, तोच बिघडला.

गादी कारखान्यातल्या चाचांना बोलावलं. त्यांनी हात लावून बघितलं आणि हसले. "साहेब, गादी आडवीच राहती. उभी केली की कापूस खालीच येणार बघा." उपाय त्यांच्याकडे होता: टाके जवळजवळ घालायचे. तेही केलं. कापूस जागचा हलेना हे खरं, पण जिथं टाका तिथं चार इंचांची गादी दीड-दोन इंच होते. म्हणजे ज्या जाडीसाठी एवढी खटपट, तीच टाक्यानं खाल्ली. सैल भरली तर बसते, घट्ट शिवली तर पातळ होते. आडवे कप्पे शिवून गोधडीसारखं करून घेतलं तर थोडं बरं, पण प्रत्येक शिवणीवर तेच दुखणं. आणि दर दोन-तीन वर्षांनी गादी पुन्हा पिंजून घ्यायची म्हणजे पॅनल उतरवणं, उसवणं, भरणं, पुन्हा दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघत बसणं आलंच. सॅबाइनच्या गाद्यांचं बरं होतं, सकाळी त्या आपल्या बाकांवर परत जायच्या. आपल्याला त्या भिंतीवर ठेवून पावसाळे काढायचे असतात.

माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीनं लागला. दुसऱ्या कुणाला ती एवढी खुपणारही नाही. पार्श्वभूमीला गाणी लावून पेपर वाचणाऱ्याला डावं-उजवं काय करायचंय?

आता रॉकवूल. हे नाव परकं वाटतं, पण वस्तू घरचीच आहे. काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, भट्टीत १५०० अंशांच्या आसपास वितळवून त्याचे तंतू काढतात. आपला जवळजवळ अख्खा मराठवाडा त्याच दगडावर बसलाय आणि ज्या काळ्या जमिनीत कापूस येतो ती जमीनही त्याचीच झीज. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यगृहात, या दगडाच्या कमानदार छताखाली एक ओंकार लावून बघा, किती वेळ घुमतो ते. तिथं तबला लावला तर नुसता काला होईल. घट्ट असताना आवाज परत फेकणारा हाच दगड, तंतू काढले की आवाज गिळतो. हवा त्या तंतूंमधून घासत जाते आणि आवाजाची ताकद उष्णता होऊन संपते. कापसातही हेच होतं. फरक एवढाच की रॉकवूलची लादी ताठ असते. फ्रेममध्ये जशी उभी केली तशीच राहते. माझ्याकडे पावसाळे उलटून गेले तरी गाणारा मधून हललेला नाही. मोजमाप विचाराल तर माझ्याकडे कान सोडून काही नाही.

मिळतं कुठं? छत्रपती संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांना इन्सुलेशनचा माल पुरवणाऱ्यांकडे चौकशी करा. लहान गावात साखर कारखान्याच्या बॉयलरचं, वाफेच्या पाइपांचं काम घेणाऱ्या माणसाला गाठा, त्याला ते नीट माहीत असतं. किरकोळ द्यायला मात्र ते नाखूश असतात, गठ्ठाच घ्यावा लागतो. त्यामुळे सुरुवातीचा खर्च कापसापेक्षा जास्त वाटतो. ४८ घनतेची (म्हणजे घनमीटरला ४८ किलो) दोन इंची लादी मागा आणि दोन थर लावून चार इंच करा. १२० वगैरे घनतेचा माल कुणी 'भारीतला' म्हणून गळ्यात मारू पाहील, या कामाला त्याची गरज नाही.

खाजेचं खरं आहे. कापताना तंतू उडतात, कातडीला बोचतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, मास्क, चष्मा, आणि काम अंगणात किंवा गच्चीवर. पण हा त्रास बनवण्याच्या दिवसाचा. एकदा पातळ अस्तरात गुंडाळून वर कापड ताणलं की संपला. घरात लहान मुलं आहेत म्हणून कुणी घाबरवतं, त्यांच्यासाठी एवढंच: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ साली इन्सुलेशनचं रॉकवूल तिसऱ्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो की नाही हे ठरवण्याजोगा पुरावा नाही. तरी ते उघडं ठेवू नका. आणि ते पेटत नाही, ही कापसावरची मोठी आघाडी आहे. कापसाला बोरिक पावडर लावता येते, पण गादीच्या प्रत्येक थरात ती सारखी बसली का, याची खात्री कोण देणार?

वरचं कापड दोन्हीकडे तितकंच महत्त्वाचं. ओठांना लावून फुंकर मारा, आरपार गेली तर घ्या. गादीचं घट्ट विणीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड इथं बाद. मी नांदेडची खादी वापरली. जिथं तिरंगा तयार होतो तिथली, त्यामुळे घरच्यांनी त्या खर्चावर तोंड वाकडं केलं नाही.

घुमाऱ्याबद्दल मात्र फार आशा लावू नका. दहा फूट रुंदी आणि दहा फूट उंची सारखीच असल्यानं त्या दोन्ही अंतरांत घुमणारा सगळ्यात खालचा सूर ५६ हर्ट्झच्या आसपास एकमेकांवर चढतो, आणि तिथं चार इंचांचं रॉकवूलही हात टेकतं. कोपऱ्यांत तिरके, मागे पोकळी ठेवून लावलेले जाड पॅनल थोडं शमवतात. त्याहून जास्त फरक खुर्ची मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढल्यानं पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मग कापूस कुणी घ्यावा? भाड्याच्या घरात असाल, वर्षभरात बदली होणार असेल, किंवा खाज हा शब्द ऐकूनच अंगावर काटा येत असेल, तर कापूस वाईट नाही. कप्पे शिवून घ्या आणि अधूनमधून हात लावून बघत जा. शिवाय कापूस आडवा असला की त्याला तोड नाही. माझ्याकडे टाइल्सवर गादी, वर लोड-तक्के अशी बैठक आहे, आणि जमिनीवरून उसळणारा आवाज तिनंच मारला. कोपऱ्यात एकावर एक रचलेले लोड बघायलाही बरे दिसतात. भिंतीचं काम मात्र, माझं मत विचाराल तर, दगडाकडेच द्यावं.

दिवाळीनंतर काढा हे काम. मेच्या घामात ते तंतू अंगाला चिकटले तर दोन आंघोळींनी भागत नाही. लादी कापायला लांब दातेरी ब्रेडची सुरी घ्या, कटरनं कडा भुसभुशीत होतात. आणि सुताराला फ्रेमच्या मागून दोन इंची पट्ट्या ठोकायला सांगा, म्हणजे पॅनल आणि भिंत यांच्यात पोकळी राहील. त्या पोकळीमुळे तेवढ्याच लादीत आणखी खालचे सूर शोषले जातात. तो म्हणेल, "भिंतीला चिकटवून बसवतो, फिट्ट दिसंल." ऐकू नका.