थम्ब मशीन, अडीचशे कोटी आणि आमची सायबर पॉलिसी

बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे, पाठीमागं मशिन शॉप. हजेरी थम्ब मशीनवर, म्हणजे बोटाचा ठसा लावून. हजेरी, पगार, पीएफ, विमा ही सगळी कागदं माझ्याकडं. गेल्या वर्षी एका खासगी विमा कंपनीची सायबर लायबिलिटी पॉलिसी (कॉम्प्युटरमधली माहिती चोरीला गेली तर येणाऱ्या खर्चाचा आणि दाव्यांचा विमा) घेतली, ती मुख्यतः कामगारांच्या ठशांसाठी. एक कोटीचं कव्हर, आणि दर क्लेमला पहिला एक लाख आमच्या खिशातला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आणखी दोन कंपन्यांच्या पॉलिसीची कलमं मागवून वाचली, तीही याच वळणाची निघाली.

हे खूळ आमच्या डोक्यात आलं ते एका गिऱ्हाइकामुळं. कास्टिंग घेणारी ही पार्टी अमेरिकेत इलिनॉय राज्यात आहे. त्यांच्या सप्लायर फॉर्मात प्रश्न होता: कामगारांचं बायोमेट्रिक घेता का, आणि त्याचा विमा आहे का? तिकडं हे लोक भितात ते उगाच नाही. इलिनॉयचा बायोमेट्रिक कायदा २००८ चा. लेखी संमती न घेता ठसा घेतला तर कामगार स्वतः कोर्टात जातो. निष्काळजीपणा असेल तर १,००० डॉलर, जाणूनबुजून केलं असेल तर ५,०००. नुकसान झालं हे दाखवावंही लागत नाही. व्हाइट कॅसल या बर्गरवाल्यांच्या खटल्यात २०२३ मध्ये इलिनॉयच्याच सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दर वेळी बोट लावलं की नवा भंग. कंपनीनं हिशेब मांडला तो १७ अब्ज डॉलरच्या वर गेला! २०२४ मध्ये कायदा बदलून माणशी एकदाच भरपाई असं केलं. तोवर बऱ्याच विमा कंपन्यांनी पॉलिसीत बायोमेट्रिक वगळल्याची कलमं घालून ठेवली होती.

आता आमचे एजंटकाका. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडं, माणूस चांगला. पण त्यांनी सुरुवातच केली ती "वहिनी, नवीन कायद्यात अडीचशे कोटी दंड आहे, बघा की" अशी. आकडा खोटा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची मुदत दिली. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. 'पर्यंत' हे काकांनी गिळलं. शिवाय हा दंड जातो सरकारच्या तिजोरीत, कामगाराला त्यातला पैसा मिळत नाही. इलिनॉयसारखी माणशी ठरलेली भरपाई आपल्याकडं नाहीच. आणि पॉलिसीत दंडाबद्दल लिहिलंय: 'कायद्यानं विमा उतरवता येत असेल तरच.' म्हणजे ज्या आकड्यानं भीती घातली, तोच भरून मिळेल याची खात्री नाही.

मग पैसे कशाचे देतो? खर्चाचे. वकील, कॉम्प्युटर तपासणारे तज्ज्ञ, लोकांना कळवायचं काम. ही बाजू मात्र खरंच चांगली आहे. डेटा फुटला तर सर्ट-इनला (सायबर घटना बघणारी केंद्र सरकारची संस्था) सहा तासांत कळवावं लागतं, नव्या नियमांत डेटा बोर्डाला (याच कायद्याखालचं, दंड ठरवणारं मंडळ) सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची. आमच्यासारख्या शॉपमध्ये रविवारी रात्री हे कोण करणार? कंपनीची हेल्पलाइन मी मुद्दाम अवेळी लावून बघितली. उचलली, आणि बोलणाऱ्याला विषय कळत होता. याला पूर्ण गुण.

गुण कापले ते दोन कलमांवर. एक, 'विमाधारकाच्या कर्मचाऱ्यांनी केलेले दावे' वगळलेले. अहो, थम्ब कोण लावतं? कर्मचारीच की! जादा प्रीमियम भरून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं दुरुस्तीचं कलम, घेतली तेव्हा ते आत आलं. दुसरं, माहिती चुकीच्या पद्धतीनं गोळा केल्याचा दावा वगळलेला, आणि तो काही केल्या आत घ्यायला तयार नाहीत. म्हणजे ठसे चोरीला गेले तर कव्हर, विचारल्याशिवाय घेतले म्हणून कुणी भांडलं तर नाही. इलिनॉयचे खटले नेमके दुसऱ्या जातीचे. काकांना हे दाखवलं तर म्हणाले, "एवढं कुणी वाचत नाही वहिनी." जुन्या वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसीत हे येईल अशीही आशा धरू नका, ती इजा आणि मृत्यूपुरती.

पॉलिसीची आणखी एक अट: प्रत्येकाची लेखी संमती हवी. कायद्यात नोकरीच्या कामापुरती थोडी सूट आहे, पॉलिसीत नाही. म्हणून फॉर्म केले. खानापूरकडच्या पोरांना मराठी, बैलहोंगल-गोकाककडच्यांना कन्नड, ओडिशाच्या मोल्डरांना (वाळूचे साचे करणाऱ्यांना) हिंदी. गंमत म्हणजे मोल्डिंगवाल्यांचा अंगठा मशीन घेतच नाही. वाळूत काम करून रेघा झिजतात, दहा वेळा लावला तरी 'पुन्हा प्रयत्न करा'. त्यांच्यासाठी फेस मशीन बसवलं, तर विम्याचा प्रपोजल फॉर्म (अर्ज) नव्यानं भरावा लागला, कारण चेहरा म्हणजे वेगळी माहिती.

घ्यावी का? हजेरी वहीत घेत असाल, तर सोडा. मशीन साधं असेल, ठसे त्यातच राहत असतील आणि माणूस सोडून गेल्यावर शेवटचा हिशेब चुकता करायच्या (फुल अँड फायनलच्या) दिवशीच पुसत असाल, तरी घाई नाही. पण हजेरी क्लाउडवर, पगाराचं सॉफ्टवेअर बाहेरच्या व्हेंडरचं, असं असेल तर घ्या. आधी त्या व्हेंडरचं ॲग्रीमेंट वाचा. आमच्या व्हेंडरनं स्वतःची जबाबदारी एका वर्षाच्या फीएवढीच ठेवली होती. त्याच्याकडून डेटा फुटला तर पॉलिसी धरते का, हे एजंटला तोंडी विचारू नका. कंपनीकडून ई-मेलवर घ्या, आणि चेक त्यानंतर.