लिऑन एडेल यांचे हेन्री जेम्स-चरित्र: पाच खंड घ्यावेत की एक?

लिऑन एडेल (१९०७–१९९७) न्यूयॉर्क विद्यापीठात आणि पुढे हवाई विद्यापीठात शिकवत, पण त्यांचे खरे आयुष्य गेले एकाच माणसामागे: अमेरिकन कादंबरीकार हेन्री जेम्स. त्याच्या चरित्राचे पाच खंड १९५३ ते १९७२ या काळात निघाले. दुसऱ्या-तिसऱ्याला १९६३चे पुलित्झर मिळाले. एकखंडी आवृत्ती १९८५ची.

एडेल यांनी पॅरिसमध्ये प्रबंध लिहिला तो जेम्सच्या नाटकांवर, म्हणजे त्याच्या सर्वांत फसलेल्या उद्योगावर. त्याचे फळ चौथ्या खंडात दिसते. ५ जानेवारी १८९५ला लंडनमध्ये 'गाय डॉमव्हिल' या त्याच्या नाटकाच्या पहिल्याच प्रयोगाला जेम्सची हुर्यो उडाली. नंतरच्या पाचेक वर्षांत त्याने लहान मुलांवर एकामागून एक कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतल्या मुली वयाने वाढत गेल्या. जेम्स स्वतःचे बालपण पुन्हा जगून सावरत होता, असे एडेल म्हणतात. पटो न पटो, मांडणी जबरदस्त आहे.

दोषही लेखनामागे मनातली जखम शोधण्याच्या याच सवयीतून येतो. थोरला भाऊ विल्यम याच्याशी असलेली चुरस ही एकच किल्ली ते प्रत्येक कुलपाला लावून पाहतात. १८९४ साली व्हेनिसमध्ये वारलेली लेखिका कॉन्स्टन्स फेनिमोर वूल्सन हिच्यावर तर अन्यायच झाला आहे. तिने जेम्सला लिहिलेली अवघी चार पत्रे उरली आहेत. तेवढ्यावर तिच्या एकतर्फी प्रेमाचा केवढा इमला! शिवाय हार्वर्डमधल्या जेम्स कुटुंबाच्या कागदपत्रांवर बराच काळ एडेल यांचाच अग्रहक्क होता, त्यामुळे पडताळणी उशिरा झाली. वूल्सनची प्रकरणे वाचताना पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो, याची पेन्सिलीने खूण करावी.

एकखंडीत पुष्कळ तपशील गाळला आहे. मात्र जेम्सचा तरुण मित्र, शिल्पकार हेन्ड्रिक अँडरसन याच्याबद्दल आणि एकूणच लैंगिकतेबद्दल एडेल तिथे अधिक मोकळे बोलतात. जेम्सच्या दोन-तीनच कादंबऱ्या वाचल्या असतील तर तीच घ्या. पाचांतला एकच परवडणार असेल तर चौथा, 'द ट्रेचरस इयर्स'.

जुनी प्रत मागवताना तिसऱ्या खंडाशी जपून. 'द मिडल इयर्स' हेच नाव जेम्सच्या एका कथेला आणि अपूर्ण आत्मचरित्रालाही आहे. नुसत्या नावावर मागवले तर भलतेच पुस्तक येते. लेखकाच्या जागी एडेल आहे ना, ते आधी बघा.