मारियाडीबीचं सिस्टिम व्हर्जनिंग : काही महिने वापरल्यावर

घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलिंगमधला नेहमीचा तंटा: "माल उचलला तेव्हा रेट वेगळा होता." त्यासाठी आम्ही ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) लावून वेगळं हिस्टरी टेबल भरत होतो. मूळ टेबलात कॉलम वाढला की ट्रिगरही बदला, ही कटकट कायमची. आता रेटचं टेबल मारियाडीबी या डेटाबेसच्या सिस्टिम व्हर्जनिंगवर, म्हणजे ओळींचा इतिहास आपोआप जपणाऱ्या सोयीवर, नेलंय आणि ट्रिगर काढून टाकलेत.

ही सोय डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेच्या एसक्यूएल:२०११ या मानकातली, मारियाडीबीत आवृत्ती १०.३ पासून आहे. टेबलाची रचना बदलणाऱ्या ऑल्टर टेबल कमांडमध्ये 'ॲड सिस्टिम व्हर्जनिंग' लिहिलं की काम झालं. रेट बदलला किंवा ओळ डिलीट केली, तरी जुनी ओळ स्वतःच्या सुरुवात-शेवटाच्या वेळेसकट टेबलातच राहते. साध्या सिलेक्ट क्वेरीत ती दिसत नाही. 'फॉर सिस्टिम टाइम ॲज ऑफ' म्हणून वेळ दिली की त्या क्षणीचा रेट हजर. इतिहास मात्र ऑल्टर केल्या क्षणापासूनचाच मिळतो, त्यामुळे जुनं हिस्टरी टेबल इतक्यात पुसू नका.

दिलेली वेळ सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) टाइमझोनने वाचली जाते. सेशन यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असेल आणि दुकानदाराने सांगितलेले सकाळचे १० तसेच टाकले, तर उत्तर दुपारी साडेतीनचं येतं. तेही बिनचूक दिसणारं, म्हणून जास्त धोक्याचं.

टेबल फुगतं, यात शंका नाही. 'शेवटचं कधी पाहिलं' असल्या कॉलमला 'विदाउट सिस्टिम व्हर्जनिंग' लावलं तर नुसत्या त्याच्या बदलाने ओळीची नवी आवृत्ती पडत नाही. इतिहासाचे महिन्यागणिक पार्टिशन (टेबलाचे वेगळे भाग) पाडले की जुना भाग एका झटक्यात काढता येतो. बॅकअप डंपने (डेटा एसक्यूएल फाइलीत उतरवून) घेत असाल तर मारियाडीबीची आवृत्ती तपासा: इतिहासासकट डंप १०.११ पासूनच मिळतो.

कॉलम वाढवायला गेलात तर ऑल्टर मुळात नकारच देतं. 'सिस्टिम व्हर्जनिंग ऑल्टर हिस्टरी' हे सेटिंग 'कीप' करावं लागतं. मग जुन्या ओळींतही नवा कॉलम दिसतो, जणू तेव्हाही तो होताच. ऑडिटरला हे आधीच सांगून ठेवावं.

आणि बदल कोणी केला, हे यातून कळत नाही. त्यासाठी 'कोणी बदललं' हा कॉलम आपणच भरायचा. डिलीटमध्ये तोही फसतो: इतिहासात नाव उरतं ते शेवटचं अपडेट करणाऱ्याचं, डिलीट करणाऱ्याचं नाही. आमच्याकडे म्हणून आधी नाव टाकणारं अपडेट चालतं, मग डिलीट.