1856 च्या पिकनिक ट्रेनचा वॉक (फोर्ट वॉशिंग्टन ते अँबलर): पैसे वसूल, पण अर्धी गोष्ट राहून जाते

फिलाडेल्फियाच्या उत्तरेला विसाहिकन खाडीच्या, म्हणजे खरं तर छोट्या नदीच्याच, खोऱ्यात एक गाइडेड वॉक असतो. इथलीच इतिहासवेडी काही मंडळी चालवतात, 15 डॉलर घेतात, शनिवारी सकाळी असतो. विषय 17 जुलै 1856 चा रेल्वे अपघात. आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

आधी अपघाताबद्दल थोडं, कारण अँबलरमध्ये घर घेतलेल्या आपल्या लोकांनाही हे माहीत नसतं (मलाही अँबलर म्हणजे फक्त सेप्टाच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनची पाटीच वाटायची). नॉर्थ पेनसिल्व्हेनिया रेलरोड ही तेव्हा अगदी नवी कंपनी, ग्विनेडपर्यंतची लाईन 1855 च्या जुलैमध्ये सुरू झालेली, म्हणजे जेमतेम वर्ष झालेलं. फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन भागातल्या सेंट मायकल्स चर्चने संडे स्कूलच्या मुलांसाठी स्पेशल गाडी ठरवली होती, बहुतेक सगळी आयरिश कामगारांची पोरं, फोर्ट वॉशिंग्टनजवळच्या शीफ्स वूड्स नावाच्या झाडीत पिकनिकला निघालेली. गर्दी इतकी झाली की गाडी पहाटे 5:10 ला सुटली, 23 मिनिटं उशिरा. गाडीत 1,100 होते की 1,500 यावर आकडे जुळत नाहीत पण हजाराच्या वर नक्की. आणि समोरून त्याच एकेरी रुळावरून ग्विनेडची नेहमीची पॅसेंजर येत होती.

आता इथे या वॉकची खरी मजा आहे. आमचे गाइड रिटायर्ड गृहस्थ होते आणि त्यांनी रक्तामांसाचं वर्णन जवळजवळ केलंच नाही, त्यांचा सगळा भर गाड्या तेव्हा चालायच्या कशा यावर. सिंगल लाईन, त्यामुळे समोरासमोरच्या दोन गाड्यांनी कुठल्यातरी सायडिंगला एकमेकींना वाट द्यायची, आणि कुणी कुणासाठी किती थांबायचं हे टाइमटेबल आणि घड्याळावर. नेहमीची गाडी, इंजिनाचं नाव अरामिंगो, विसाहिकन स्टेशनात (आजचं अँबलर) थांबली. रिवाज होता 15 मिनिटं वाट बघायची, तेवढी बघितली, पिकनिकची गाडी आली नाही म्हणून निघाली. तिकडे पिकनिक गाडीचा ड्रायव्हर हेन्री हॅरिस, इंजिनात वाफेचं प्रेशर कमी, वेळ भरून काढायच्या नादात, त्याला वाटत होतं आपण वेळेत क्रॉसिंगला पोचू. दोघांपैकी कुणालाच दुसरी गाडी नेमकी कुठे आहे ते कळायचा मार्ग नाही. अमेरिकेत टेलिग्राफची पहिली लाईन सुरू होऊन बारा-एक वर्षं झाली होती पण अरामिंगोच्या लोकांना "ती गाडी उशिरा सुटली" एवढा निरोप गेला नाही. आपल्याकडे सिंगल लाईनवर टोकन (पुढची लाईन मोकळी असल्याची खूण) हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे ना, तसलं काहीच इथे नव्हतं. बोरीबंदर-ठाणे सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती, म्हणजे जगभर सगळेच शिकत होते म्हणा, पण शिकायची किंमत भलत्यांनीच मोजली.

गाइडने आम्हाला रस्त्याच्या कडेने थोडं वर नेलं आणि तिथून रुळांची वळणाची दिशा हाताने दाखवली. कॅम्प हिल स्टेशन ओलांडल्यावर लगेच आंधळं वळण. हॅरिस सारखा शिट्टी वाजवत होता म्हणे, आणि तरी दोन्ही इंजिनं समोरासमोर धडकली, बॉयलरला बॉयलर. पुढचे तीन डबे संपले, डबे लाकडी, आग लागली. आवाज पाच मैलांपर्यंत गेला. मृतांचा आकडा 59 ते 67 असा वेगवेगळा सांगतात, जखमी शंभराच्या वर. मुलांसोबत निघालेले फादर डॅनियल शेरिडन पण गेले. रुळांजवळ जाता येत नाही हे लक्षात घ्या, लाईन चालू आहे, लॅन्सडेल-डॉयल्सटाउनच्या गाड्या ये-जा करत असतात. आम्ही उभे असताना एक गेलीच आणि गाइड मधेच थांबले, ती गेल्यावर पुढचं वाक्य. मला ते फार आवडलं, कुणी रेकॉर्डेड ऑडिओ टूर घेतली तर हे मिळणार नाही.

मग कंडक्टरची गोष्ट. अरामिंगोचा कंडक्टर, म्हणजे आपल्याकडच्या गार्डसारखा गाडीचा प्रमुख, विल्यम व्हॅनस्टॅव्होरेन स्वतः वाचला, शहरात जाऊन अपघाताची खबर दिली, घरी गेला आणि त्याच दिवशी आर्सेनिक घेऊन जीव दिला. पुढे चौकशीत ज्युरीने ठपका ठेवला तो हॅरिसवर, कंडक्टरवर नाही. गाइडने हे सांगितल्यावर एकाने विचारलं तरी "मग दोषी कोण" यावर उत्तर द्यायचं टाळलं, फक्त परत तो 15 मिनिटांचा नियम सांगितला. माझ्या मते बरोबर केलं. ज्युरीचं काय, ड्रायव्हर अपघातातच गेलेला, त्याच्यावर ढकलणं सोपं, कंपनीने एक माणूस टेलिग्राफवर बसवला असता तर दोघंही घरी गेले असते.

आता तो कापलेला स्टार. वॉकचा दुसरा भाग अँबलरमध्ये, आणि तो सगळाच्या सगळा मेरी जॉन्सन अँबलर या बाईंवर. बाई मोठ्या होत्याच, त्यात वादच नाही: क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या, विधवा, पन्नाशीच्या, विसाहिकन स्टेशनाजवळ राहायच्या. अपघाताचं कळल्यावर औषधपाणी, पट्ट्या गोळा करून दोन मैल पायी गेल्या, जखमींची शुश्रूषा केली, स्वतःच्या घरातही त्यांची सोय केली. 1868 ला त्या वारल्या आणि पुढच्या वर्षी रेल्वेने विसाहिकन स्टेशनाचं नाव बदलून अँबलर केलं, मग गावालाही तेच नाव मिळालं. एका सामान्य घरातल्या बाईचं नाव रेल्वे कंपनी त्या काळात स्टेशनला देते ही गोष्ट सांगायलाच पाहिजे, पण इतकी? तासभर त्यांच्याबद्दल ऐकलं आणि केन्सिंग्टनबद्दल मोजून दोन वाक्यं. ती पोरं कुठल्या गल्ल्यांतली, त्यांचे आईबाप गिरण्यांत काय काम करायचे, बातमी पोचल्यावर त्या वस्तीत काय झालं, यातलं काही नाही. फिलाडेल्फियात याला पिकनिक ट्रेनचा अपघात म्हणायचे आणि इकडे माँटगोमेरी काउंटीत कॅम्प हिलचा, म्हणजे एकाच घटनेच्या दोन आठवणी, आणि वॉक फक्त इकडचीच धरून चालतो. गाव स्वतःच्या नावाची गोष्ट सांगणार हे समजतं, पण ज्यांची मुलं गेली ती बाजू 15 डॉलरमध्ये बसायला हरकत नव्हती. मी शेवटी गाइडना हे बोलले, त्यांनी मान्य केलं आणि एक वेगळा केन्सिंग्टनचा वॉक करायचा विचार आहे म्हणाले. बघू.

बाकी किरकोळ. अंतर फार नाही पण काही ठिकाणी फुटपाथच नाही, गाड्या अंगावरून जातात, स्ट्रोलर विसरा. सावली बरी आहे, खाडीच्या बाजूने तर मस्तच. टॉयलेट मधे कुठेच नाही, निघायच्या आधी आटपून घ्या. गाइडचा आवाज बारीक, मागे राहिलात तर अर्धं ऐकू येणार नाही, माईक वगैरे भानगड नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना मी तरी नेणार नाही, चालायचं म्हणून नाही, त्याच वयाच्या मुलांची गोष्ट आहे म्हणून. कारने गेलात तर परत गाडीपाशी यायचा घोळ होतो, त्यापेक्षा फिलाडेल्फियाहून ट्रेनने या, फोर्ट वॉशिंग्टनला उतरा आणि जाताना अँबलरहून बसा, आणि शक्य असेल तर खिडकीची जागा पकडा, फोर्ट वॉशिंग्टन सोडून ओरलँडकडे (फिलाडेल्फियाच्या दिशेचं पुढचं स्टेशन) जाताना ते वळण गाडीतून कसं लागतं ते बघता येतं.