यूएपीए की कलम 113? साताऱ्याच्या वकिलांच्या बार रूममधून

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दहशतवादी कृत्यासाठी दोन वाटा झाल्या: जुना यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायदा, आणि संहितेचं कलम 113. व्याख्या जवळपास तीच. कृत्यात जीव गेला तर दोन्हीकडं फाशी किंवा जन्मठेप. गुन्हा कशाखाली नोंदवायचा ते पोलीस अधीक्षक किंवा वरचा अधिकारी ठरवतो. आमच्याकडची ज्युनिअर मंडळी विचारतात, यातला कुठला कायदा बरा?

यूएपीएची बाजू मी हलक्यात घेत नाही. तुकाराम ओंबळे आमच्या जावळीतल्या केडंब्याचे. दहशतवाद लांब कुठंतरी घडतो, असं साताऱ्यात बसून म्हणवत नाही. 26/11 नंतर, डिसेंबर 2008 मध्ये, आरोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवण्याची सोय झाली, तीही उगीच नाही. शिवाय यूएपीएत खटल्याआधी सरकारची मंजुरी लागते आणि त्यापूर्वी स्वतंत्र प्राधिकरण पुरावा तपासतं. कलम 113 ला ही चाळणी नाही. हा त्याचा मोठा दोष आहे.

तरीही मी 113 कडं झुकतो, ते जामिनामुळं. यूएपीएच्या 43-डी (5) प्रमाणं पोलिसांचे कागद वाचून आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले, की जामीन नाही. 113 ला अशी अट नाही. ते कागद तयार करतात पोलीसच. बचावाचा पुरावा खटल्यात येणार, आणि खटला कधी सुरू होईल हे आरोपीच्या हातात नसतं.

मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, त्यातही जामिनाची वाट अशीच अरुंद. तशा एका प्रकरणात मी बचावाकडून होतो. आरोपीची आई कराडकडून एसटीनं पुण्याच्या विशेष न्यायालयात यायची आणि दर तारखेला विचारायची, "वकीलसाहेब, पोरगं कधी सुटंल?" साध्या गुन्ह्यात मला उत्तर देता येतं: 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काचा, आलं तरी गुणदोषांवर मागता येतो. त्या माउलीला मी काय सांगणार होतो? पोरगं दोषी की निर्दोष, इथवर प्रकरण पोचलंच नव्हतं.

नजीब प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की खटला फारच रखडला तर 43-डी (5) असूनही घटनात्मक न्यायालयं, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय, जामीन देऊ शकतात. दिलासा मोठा, पण त्या आरोपीची तोवर पाच वर्षांहून अधिक तुरुंगात गेली होती. आणि उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत किती घरांची असते?

जामिनाच्या अटी कडक नसतील तर देश उघडा पडेल, असं काही मित्र म्हणतात. त्यांच्यापुढं मी कसाबचा खटला ठेवतो. नोव्हेंबर 2008 ला पकडला, मे 2010 ला निकाल. त्याला वकील दिला होता, साक्षी झाल्या, आणि त्याच न्यायालयानं दोन सहआरोपींना पुराव्याअभावी सोडलंही. दीड वर्षात हे झालं ते खटला नेटानं चालवल्यामुळं, असं माझं मत.

मंजुरीची अट 113 ला जोडली, तर 43-डी (5) ठेवायला मला तरी कारण दिसत नाही. 180 दिवसांबद्दल मात्र माझं ठाम मत झालेलं नाही. परदेशातून कागद यायला वेळ लागतो, हे सरकारी वकील सांगतात ते खोटं नाही.